पाचवी गठडी

टिमकी, नागपूर
२० ऑक्टोबर १९७४

पुष्पे,

वर 'चि.' लिहिलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईले पत्राचा मायना येत नाही असं समजू नको, येते मले. पन ज्या पोरीच्या नावानं तिच्या बापानं आंघोळ केली, तेराव्याचं जेवन घातलं, तिले चिरंजीव कसं लिहाव, तूच सांग. जेवन मी रांधलं होतं. मंग काय करू? समाजाची मानसं जेवाले येनार म्हटल्यावर रांधाले दुसरी कोन होती घरात? तू तर यूनुससंग पळून गेली होती.

तुहा बाप माघात गेला. तुले कळलं असन का नसन, मले माहीत नाही. खोकला होताच, तू गेल्यावर तो मागावर बसलाच नाही. माग विकला. तुहा भाऊ गिरिधर वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला, तिथंच खोली करून राहून राहिला. ऐतवारी येते, जेवते, तुह्या नावानं शिव्या देते अन् जाते. मी चरख्यावर लोकाईच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून देते. पोटापुरतं होते, कधी होत नाही.

आता तुह्या सासूचं सांगते, त्याच्यासाठीच लिहाले बसली. तू गेली तेव्हापासून अकीला बी अन् मी बोलत नाही. गल्लीत समोरासमोर आलो का ती ओढनी पुढं घेते अन् मी पदर. पयले कसं होतं, तुले माहीत आहे. ईदेच्या आधी मी तिच्या घरापुढच्या सपरीत जाऊन बसत होती अन् ती फित्र्याचे गहू बांधत होती. घरात जितकी मानसं, तितक्याईच्या नावाचे गहू काढाचे अन् नमाजाच्या आधी गरिबाच्या घरी पोचवाचे. बाकीच्या बाया एकाच थैलीत भरून देतात. अकीला बीची तऱ्हाच न्यारी. मागावरच्या उरलेल्या चौकड्याच्या कापडाचे तुकडे घ्याचे अन् दर मानसाची गठडी येगळी बांधाची. "मिलाने का नहीं, जिसका उसका," असं म्हने. बांधता बांधता नाव घे. ये बुढ्ढे की, ये मेरी, ये यूनुस की. मी तिले हसत होती. म्हटलं, अल्लाले काय गव्हाचे दाने ओळखू येत नाही का वं?

तर यंदा चांद दिसला अन् ही बया माह्या ओट्यावर. सोबत कोनी नाही. गठड्या मांडल्या ओट्यावर. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कोष्ट्याची बायको आहे मी, अजून एवढे वाईट दिवस नाही आले, उचल तुहे गहू. ती खाली पाहून एवढंच बोलली, "गिन ले." अन् चालली गेली.

मी कांड्या भरत बसली. म्हटलं पडू दे तिथंच, कुत्रे खातीन. मंग राहवलं नाही म्हनून मोजल्या. चार होत्या. घरात ती अन् तिचा बुढा, दोन. यूनुसची धरली तर तीन. कमावत्या पोराचा फित्रा त्याचा त्यानं द्याचा असते, पन हिचा जीव राहत नाही, ही देतेच. मंग चौथी कोनाची? चरख्याचा दांडा हातात धरून मी तशीच बसली. जिता असन त्याचाच फित्रा निघते, मेलेल्याचा निघत नाही, हे तिनंच मले सांगतलेलं. म्हनजे तू जिती आहे. अन् तिच्या घरच्या मानसाईत धरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेली. विचारलं, कुठी आहे माही पोरगी? ती म्हने, "मुँह से नहीं बोलूँगी. क़ुरान उठाई हूँ." गिरिधर तिच्या दारात कोयता घेऊन गेला होता ना, त्याच्यावरून यूनुसनं मायले कसम घातली. आमचा ठावठिकाना, आमचं बरंवाईट, पुष्पाच्या घरच्याईले काहीच तोंडानं सांगाचं नाही. ती तोंडानं सांगत नाही. गव्हाचं काही बोलनं झालं नव्हतं.

फडकी धुवून परत द्या लागतात. रिकामी देऊ नये म्हनून त्याच्यात वाळल्या मिरच्या घालून राहिली अन् मिरच्याईच्या खाली हे पत्र. ती पुढं पोचवते का चुलीत घालते, तिचं तिले माहीत. मी भीक घेतली असं कोनी म्हटलं तर म्हनू दे. मी तुही खबर घेतली. गहू खाऊन राहिली ते येगळं. चांगले आहेत गहू, पोळी फुगते.

तुही माय
वच्छला


१२ ऑक्टोबर १९७५

पुष्पे,

पाच आहेत.

अकीला बीनं चार गठड्या मांडल्या अन् पाचवी जराशी बाजूले ठेवली. तिच्यावरून हात फिरवला. मले वाटलं आता ही बोलते. बोलली नाही, पन जाताना हसत होती, मेली. दीड-दोन वर्षात मी तिचे दात पाह्यले नव्हते.

इतक्याशा लेकराची गठडी बी मोठ्या मानसाएवढीच भरते, तसाच नेम आहे त्याईचा. पोरगा का पोरगी, ते काही गव्हावरून कळत नाही. मी पाचवी गठडी मांडीवर घेऊन बसली होती. कोनी पाह्यलं असतं तर म्हटलं असतं बुढी येडी झाली. झाली तर झाली.

तुले डिंकाचे लाडू कोन करून देते? मेथ्या खात जाजो. थंड पान्यात हात घालू नको. कानाले फडकं बांधजो. मायचं कधी ऐकलं नाही, हे तरी ऐक. फडक्यासंग दुपटं पाठवून राहिली. तुह्या बापाच्या जुन्या धोतराचं आहे, मऊ आहे. तुले राग येईन बापाचं नाव काढलं म्हनून. येऊ दे. धोतरानं काय पाप केलं?

ऐतवारी गिरिधर आला. पोळी पाहून म्हने, गहू कुठले? मी म्हटलं, राशनचे. राशनच्या गव्हाची पोळी अशी असते का, त्याले बी कळते. माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् चार पोळ्या खाल्ल्या. बहिनीच्या लेकराच्या नावाच्या आहेत हे त्याले सांगाचं माह्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

उत्तर टाक. पत्ता लिहू नको, नाव लिहू नको. 'पोरगा' नाहीतर 'पोरगी' एवढंच लिही. एका शब्दाले कोन कोयता घेऊन येते?

माय


२५ सप्टेंबर १९७७

पुष्पे,

औंदा बी पाच, मागच्या साली बी पाच. माही तीन पत्रं झाली अन् तुही एक ओळ नाही. एवढा ताठा बरा नाही. कोनाचा घेतला, ते मले माहीत आहे, मी काही बोलत नाही.

अकीला बी पत्रं पोचवते का नाही, हे बी तोंडानं सांगत नाही. एकदा फडकी देताना मी म्हटलं, पोचवत नसशीन तर माह्या मिरच्या परत दे. ती म्हने, "मिरच्या मैंने खाए." मंग म्हटलं, पत्रं तर खाल्ली नाही ना? तिनं मान फिरवली.

आता एक सांगते, हसू नको. दिवेलागनीले चरखा थांबवला का घरात तुही चाहूल लागते. मोरीजवळ भांडं वाजते. तू नाकातून जसा श्वास सोडत होती तसा आवाज येते. दोनदा मी "आली का वं" म्हटलं अन् मंग आपल्यालेच शिवी घातली. शेजारच्या शोभाताई म्हनतात लिंबू उतरवा. मी म्हटलं, माही पोरगी जिती आहे, जित्या मानसाचं भूत होते का?  त्याईच्या लेखी तू त्या तेराव्याच्या दिवशीच मेली.

माह्या लेखी तू नाही मेली. सालभर मी तुह्यावर रुसून राहते, पन ईद जवळ आली का माही झोप उडते. गठड्या मोजल्या का लागते. मंग पुन्हा रुसते. रुसाले बी समोरचं मानूस जितं लागते.

माय


७ सप्टेंबर १९७८

चि. पुष्पलता,

हे घे, लिहिलं चि. आता उत्तर दे.

चारच आहेत.

अकीला बी आली, गठड्या ठेवल्या अन् वळली. "गिन ले" म्हटलं नाही. दरवर्षी म्हनते. मी मोजल्या. मंग ओट्यावर हात फिरवून पाह्यलं, ओट्याखाली पाह्यलं, नालीत पाह्यलं. म्हटलं कुत्र्यानं नेली असन. कुत्र्याले कच्चे गहू कायले पाह्यजेत? तिच्या घरची दोघं मी रोज पाहते, धडधाकट आहेत. म्हनजे तुमच्या तिघाईतलंच कोनी.

ईदेच्या दिवशी तिच्या दारात गेली. घरात पाव्हने होते, शिरखुर्म्याचा वास येऊन राहिला होता. मी रस्ताभर देवाले एकच म्हनत गेली होती, यूनुस असू दे. लिहून राहिली, तुले वाचू दे. तुहा नवरा आहे, तुह्या लेकराचा बाप आहे, त्यानं माहं काही वाईट केलं नाही, तुले घेऊन गेला एवढंच. तरी म्हटलं, तोच असू दे. तू घरी येशीन, मी तुले अन् लेकराले घरात घेईन, लोकाईची तोंडं बंद करीन. सारं ठरवून टाकलं होतं.

ती दारात आली. मी म्हटलं, तोंडानं नको सांगू, नुसती मुंडी हालव. यूनुस आहे ना? तिनं ओढनीचं टोक दातात धरलं. तेव्हा तिचे हात दिसले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नव्या, कालच भरलेल्या. एकुलता एक पोरगा गेलेली माय ईदेले बांगड्या भरते का? नाही भरत, पुष्पे. मी बी माय आहे, मले कळते. ती आत चालली गेली अन् मी घरी आली.

आता दोघंच राहिले. तू नाहीतर ते लेकरू.

त्या लेकराचं तोंड मी पाह्यलं नाही. त्याचं नाव माहीत नाही. पोरगा का पोरगी, ते बी तू सांगतलं नाही. म्हनून सोपं गेलं असन. मी देवापुढं बसली अन् म्हटलं, लेकरू नेलं असन तर चालते, पुष्पा ठेव, तिले दुसरं होईन. हे मी मोठ्यानं म्हटलं. घरात कोनी नव्हतं. मोरीजवळ भांडं वाजलं.

लिहिलं ते खोडत नाही. तू जिती असशीन तर हे वाचून मले शिव्या देशीन. दे. पत्रात दे, पोस्टकार्डावर दे, साऱ्या गल्लीनं वाचलं तरी चालते मले.

माय


२६ सप्टेंबर १९७८

पुष्पलता,

गहू दळले नाही. गठड्या कोपऱ्यात ठेवल्या तशाच आहेत. कोनाच्या नावाची सोडू? फडकी मोकळी नाहीत म्हनून मागचं पत्र अन् हे, दोन्ही मिरच्याईच्या पुडक्यात बांधून तिच्या दारात ठेवून राहिली.

ऐतवारी गिरिधर आला. चूल थंडी पाहून म्हने, पीठ नाही का घरात? मले सांगाचं नव्हतं. पन मानूस किती दिवस एकटं वागवन? सारं सांगतलं. चार वर्षांपासून तो कोनाचे गहू खाऊन राहिला ते सांगतलं, पाचवी गठडी सांगतली अन् ती औंदा आली नाही, ते बी. मले वाटलं आता भांडी फेकते. त्यानं शिवी दिली नाही. उठला, माठातलं पानी प्याला अन् न जेवता गेला. वाडीच्या बसकडं नाही गेला, मोमिनपुऱ्याकडं, अकीला बीच्या घराकडं गेला. मी दारातून पाह्यलं, हात रिकामे होते.

काल अविधवा नवमी झाली. नवरा जिता असताना गेलेल्या बाईची तिथी. शोभाताईनं त्याईच्या सासूचं पान ठेवलं. मले म्हनाल्या, वच्छलाबाई, तुम्ही ठेवता का? त्याईच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, नाही ठेवत. पान ठेवलं तर माह्या हातानं तुले मारल्यासारखं होईन. एकदा तुह्या नावाचं रांधलं तेवढं पुरे झालं. पुन्हा नाही रांधत.

दिवसभर चूल पेटवली नाही. तरी एक कावळा ओट्यावर येऊन बसला. काही वाढलेलं नव्हतं, उष्टं नव्हतं, काहीच नव्हतं. मी काठी दाखवली, उठला नाही. माह्याकडं पाहत बसला होता.

उत्तर टाक वं माय. मी भांडत नाही आता.

माय


९ नोव्हेंबर १९७८

पुष्पे,

हे पत्र कोनत्या फडक्यात बांधू, मले समजत नाही. तरी लिहिते.

आज दुपारी अकीला बी आली. ईद नाही, चांद नाही, गहू नाही. बोट धरून एक पोरगी होती. अकीला बी ओट्यावर नाही थांबली, घरात आली. पाच वर्षांनी माह्या घरात आली अन् पयले बसत होती त्याच जागी भिताडाले टेकून बसली. म्हने, "गिरिधर आया था. हाथ जोड़ के खड़ा था दरवाजे में. बोला, चाची, मैं किसी को हाथ नहीं लगाता, मेरी माँ को बता दे." तेव्हा तिनं यूनुसले निरोप धाडला. कसम मोडली तर धा गरिबाईले जेवू घालाव लागते, ते ती घालनार आहे. मंग तिनं सांगतलं. मालेगावले होते तुम्ही. तू शाबानच्या महिन्यात गेली, रमजानच्या आधी. दुसऱ्या बाळंतपनात. बाळ बी नाही राह्यलं.

मले रडू आलं नाही. मी म्हटलं, मंग बांगड्या काहून भरल्या होत्या? एवढंच बोलली मी. पोटची पोरगी गेल्याचं ऐकलं अन् मले त्या बांगड्याईचा राग येऊन राहिला होता. ती म्हने, "बुढ्ढे ने भरवाए. बोला, तेरे हाथ नंगे दिखे तो मोहल्ला पूछेगा, यूनुस को क्या हुआ." मंग म्हने, "चाँद रात को मैं पाँच बाँधी थी. आदत से. तेरी पुष्पा का नाम ले के बाँधी, फिर खोली." गठडी सोडली अन् गहू परत डब्यात वतले, तेव्हा ती रडली होती म्हने. आता बी रडली. मंग मी बी.

पत्रं सारी पोचली. तिचा भाऊ ट्रकवर मालेगावले जाते, तो नेत होता. यूनुसनं सांगून पाठवलं, का तू वाचत होती. वाचून घडी करून उशीखाली ठेवत होती. शेवटची दोन आली तेव्हा तू नव्हती, ती त्यानंच ठेवली. ज्यात लेकराचं लिहिलं, ते बी त्याच्यातच. त्याले मराठी वाचता येते का नाही, हे विचाराचा मले धीर झाला नाही.

पोरगी तोवर अकीला बीच्या आडून माह्याकडं पाहत होती. शमीम नाव आहे म्हने. कपाळ तुह्या बापावर गेलं आहे, हनुवटी त्याईची. साडेतीन वर्षांची, हातपाय काड्या, डोळ्यात सुरमा घातलेला. तिच्याकडं पाहू म्हटलं तर मले पाहवत नव्हतं. पुष्पे, हिले मी देऊन टाकलं होतं. तू राहावी म्हनून मी हिले देवापुढं मोठ्यानं देऊन टाकलं होतं अन् ती माह्या घरात उभी राहून चरख्याले हात लावून राहिली होती.

अकीला बी म्हने, यूनुस मालेगावात दिवसभर कामावर राहते, तिथं पोरीले पाहाले कोनी नाही म्हनून इकडं धाडली. तिच्यानं आता दिवसभर पोर सांभाळनं होत नाही. रोज इथं आनून सोडू का, संध्याकाळी घेऊन जाईन. मी म्हटलं, सोड. ती म्हने, गिरिधर? मी म्हटलं, ऐतवारी येईन, मामा आहे, पाहीन.

मंग पोरगी सरकत सरकत जवळ आली. माह्या गुडघ्यावर हात ठेवला, खालून तोंडात पाह्यलं अन् म्हने, "काहून रडून राहिली वं?"

अकीला बीनं मान वर केली. म्हने, "ये कहाँ से सीखी? वहाँ तो सब उर्दू बोलते."  मालेगावात 'काहून' कोन म्हनते? तिथं मराठी मानसं बी असं बोलत नाहीत. हे टिमकीचं आहे, माह्या घरचं आहे. आवाज बारीक होता, पन 'वं' म्हनताना तू जशी ओढत होती तशीच ओढली तिनं. मी तिले म्हटलं, काही नाही, डोळ्यात कचरा गेला. तर म्हने, "मले पाहू दे."

आता संध्याकाळ झाली. अकीला बी तिले घेऊन गेली, उद्या सकाळी आनते. चरखा बंद आहे. आज मोरीजवळ भांडं वाजलं नाही, मी कान देऊन बसली तरी नाही वाजलं.

तू तिच्यासंग आपल्या बोलीत बोलत होती. त्या साऱ्या परक्या घरात, एकटी, रोज. मांडीवर घेऊन, माह्याच शब्दात. मंग माह्यासंग काहून नाही बोलली, पुष्पे?